सी शिफ्टची झोप आणि पहाटे चारची नोंदवही

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर, वय ३८, राहायला नरेंद्रनगरला. दर तिसऱ्या आठवड्यात सी शिफ्ट येते, रात्री ११ ते सकाळी ७. घरी पोचून नऊला आडवं व्हायचं, दीडला जाग येते आणि मग काही केल्या झोप लागत नाही. शिफ्ट फिरते ती सी, मग बी (दुपारी ३ ते रात्री ११), मग ए (सकाळी ७ ते दुपारी ३) अशी. गेल्या पंधरवड्यात दोन गोष्टी घडल्या. प्रेस मशीनवरच्या एका हेल्परचा डोळा लागला आणि बोटं थोडक्यात वाचली. दुसरं म्हणजे सकाळी घरी येताना वाटेतल्या जामठ्याजवळ यांची मोटरसायकल कडेच्या मुरुमावर उतरली, तेव्हा कुठे यांना जाग आली. विचारलं आहे की झोपेची गोळी चालेल का, ड्यूटीवर झोपणाऱ्यांना मेमो देऊन फरक पडतो का आणि मॅनेजमेंटला नेमकं काय सांगायचं. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: बायको म्हणते, तुम्ही फार घोरता आणि मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो.

मी बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत गेली २२ वर्षं वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. उत्तर लांबेल, पण पूर्ण वाचा.

आधी जामठ्याचं बोलू. तुम्ही लिहिलंय, "जराशी झपकी आली." भाऊ, तुम्ही गाडी चालवताना झोपला होता. ताशी ६० च्या वेगातली गाडी चार सेकंदांत ६५ मीटरच्या वर जाते, आणि तेवढं अंतर ती कोणीही चालवत नव्हतं. याला मायक्रोस्लीप म्हणतात. काही सेकंद मेंदू झोपी जातो, कधी कधी तर डोळे उघडे असताना, आणि बहुतेक वेळा माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तुम्हाला कळलं ते चाकाखाली मुरूम वाजला म्हणून. त्याआधी डांबरावर असं किती वेळा झालं असेल ते कळायला मार्ग नाही. म्हणून पहिली गोष्ट, आणि ही आजपासूनच: सी शिफ्टनंतर मोटरसायकल नाही. कंपनीच्या बसने या. बस चुकलीच तर कारखान्यातच वीस मिनिटं झोपा, उठून तोंड धुऊन दहा-पंधरा मिनिटं चाला आणि मग दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बसा.

आता हिशेब. झोपेचा हिशेब करताना मी तीन आकडे पाहतो. गेल्या २४ तासांत पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर धोका. गेल्या ४८ तासांत बारापेक्षा कमी झाली असेल तर धोका. आणि शिफ्ट संपेपर्यंत सलग जागेपणाचे जितके तास होतील, ते गेल्या ४८ तासांतल्या एकूण झोपेपेक्षा जास्त भरले तरी धोका. तुमचे आकडे टाकू. नऊ ते दीड म्हणजे साडेचार तास. दोन दिवसांचे मिळून नऊ. दुपारी दीडला उठलात ते सकाळी सातपर्यंत जागे, म्हणजे साडेसतरा तास. तिन्ही ठिकाणी तुम्ही नापास आहात.

साडेसतरा तास म्हणजे काय, तेही सांगतो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी माणसांना जागं ठेवून आणि वेगळ्या दिवशी दारू पाजून एकाच चाचणीवर तपासलं. १७ तासांच्या जागरणानंतर हात-डोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा घसरला होता. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. कोणी दारू पिऊन प्रेसवर उभा राहिला तर तुम्ही त्याला गेटबाहेर काढाल. सी शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत तुमची अर्धी लाइन त्याच अवस्थेत उभी असते, आणि तोंडाला वास येत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

एक नोंदवही मला अजून आठवते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात बॉयलरवर गडबड झाली, माणसं सुखरूप होती, आणि मला बोलावलं गेलं. मी रात्रीची लॉगशीट मागितली. दर तासाला वाफेचा दाब लिहायचा होता. ११ वाजता १०.२, १२ ला १०.४, १ ला १०.१. अक्षर छान, गोल. २ वाजता दशांश गेला, नुसतं १०. ३ ला १०. ४ ला १०, आणि तिथे शून्य पुरतं बंदच झालं नव्हतं. पेनाची रेघ घसरत पुढच्या रकान्यात गेलेली. ५ ला पुन्हा १०. ६ वाजता अक्षर एकदम ताळ्यावर, ९.८. शेजारच्या रेकॉर्डरच्या कागदावर चार वाजता दाब ८.६ होता. ऑपरेटर वयाने मोठा, पंचवीस वर्षं बॉयलरवर काढलेला. तो म्हणाला, "झोपलो नव्हतो जी. काटा पाहूनच लिहिलं." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

तो घसरलेला शून्य पाहून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मी स्वतः ते केलेलं होतं. रेसिडेन्सीत, म्हणजे शिकाऊ डॉक्टर असताना ड्यूटीच्या तिसाव्या तासाला एका लहान मुलाच्या केसपेपरवर औषधाची मात्रा लिहिली आणि दशांशचिन्ह राहून गेलं. सिस्टर इंजेक्शन भरता भरता थांबल्या आणि कागद माझ्यासमोर धरला. मी तो वाचला आणि म्हणालो, "बरोबर आहे, द्या." त्यांनी दिलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "सर, पुन्हा वाचा." तिसऱ्यांदा वाचल्यावर मला चूक दिसली. मूल वाचलं ते त्या सिस्टरमुळे. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं की तुम्ही ठीक आहात का, तर मी मनापासून हो म्हणालो असतो.

मला तुम्हाला जे सांगायचंय ते हेच आहे. झोप मोडलेला माणूस सगळ्यात आधी स्वतःला जोखायची ताकद गमावतो. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. चौदाव्या दिवसापर्यंत त्यांची सावधानता एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसाइतकी खाली आली होती. त्यांना मात्र फक्त थोडंसं पेंगल्यासारखं वाटत होतं. शरीराला सवय होते म्हणतात ती हीच. घसरण चालूच राहते, जाणवणं तेवढं थांबतं. म्हणून सुपरवायझर या नात्याने "झोप तर नाही ना येत?" असं विचारून कोणालाही मशीनवर सोडू नका. "काल किती वाजता झोपला, किती वाजता उठला?" हे विचारा. आकड्यावर ठरवा.

मेमोचं उत्तर यातच आलं. मेमोने झोप जात नाही, लपते. लपलेली झोप कुठे सापडते ते तुम्हालाही ठाऊक असेल: कार्टनच्या थप्पीमागे, पॅनेलच्या उबेला, उभ्या फोर्कलिफ्टच्या आडोशाला. तिथून दचकून उठलेला माणूस थेट मशीनवर येतो, आणि ते जास्त वाईट. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं जड असतं, निर्णय चुकतात. तुमचा हेल्पर लपून झोपून आला होता की उभ्याउभ्या पेंगला, ते त्याच्याकडून समजून घ्या. शिक्षेची भीती घालून विचारलंत तर कळणार नाही.

झोपेला उघड जागा द्या. अमेरिकेच्या नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर अभ्यास केला होता. पाळीपाळीने ४० मिनिटांची सवड दिली, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि पुढच्या टप्प्यात त्यांची कामगिरी आणि सावधपणा न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे बरा राहिला. कारखान्यात एवढं जमतं: दोन ते साडेतीनच्या दरम्यान, जोडीजोडीने, एक मशीन सांभाळेल आणि दुसरा आराम करेल. मागे रेलता येईल अशी खुर्ची, मंद दिवा, वीस मिनिटांचा गजर. नंतर पंधरा मिनिटं हलकं काम, मग प्रेस. वीसच्या वर नको, माणूस गाढ झोपेत गेला की उठल्यावरची गुंगी वाढते. हिंगण्याच्या एका युनिटमध्ये हे सुरू करायला मला आठ महिने भांडावं लागलं. "पगार झोपायचा देतो का?" हा प्रश्न तुम्हालाही येईल. त्यावर मी त्यांच्याच रिजेक्शनचे, म्हणजे नाकारलेल्या मालाचे, तासवार आकडे समोर ठेवले. तुम्हीही तेच करा. तीन महिन्यांच्या सी शिफ्टच्या नोंदवह्या काढा, रात्री ११ ते २ आणि ३ ते ६ असे दोन भाग पाडा, रिजेक्शन, किरकोळ जखमा, थांबलेली मशीन मोजा. मॅनेजमेंटला डॉक्टरच्या भाषणापेक्षा स्वतःच्या कारखान्याचे आकडे लवकर पटतात.

तीन ते सहाच का, हे कामगारांनाही सांगा. त्यांना अपराधी वाटणं कमी होतं. झोप दोन गोष्टींवर चालते. एक, जागेपणाचा साठा: जितके तास जागे तितकं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचतं आणि झोपेचा दाब वाढतो. दोन, शरीराचं घड्याळ. हे पेशींच्या आतलं खरंखुरं घड्याळ आहे, त्याचा उलगडा करणाऱ्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली नेतं, आणि नेमका त्याच वेळी तुमच्या माणसांचा पहिला साठाही काठोकाठ भरलेला असतो. दोन्ही एकत्र आल्यावर इच्छाशक्ती कामाची नाही. डाय (प्रेसचा साचा) बदलणं, उंचावरचं काम, टाकीत उतरणं, जड उचल, हे सगळं दोनच्या आधी उरका किंवा ए शिफ्टवर टाका.

शिफ्ट फिरवायची दिशाही तुमच्याकडे उलटी आहे. माणसाचं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं सोपं, लवकर झोपणं कठीण. ए, मग बी, मग सी असं पुढे फिरवलं तर शरीर ओढलं जात नाही. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतल्या युटामधल्या एका खनिज कारखान्यात चार्ल्स चाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिशा बदलून आणि शिफ्ट अधिक सावकाश फिरवून पाहिली, तेव्हा कामगारांची तक्रार कमी झाली आणि उत्पादन वाढलं. याला खर्च शून्य आहे, तक्ता बदलायचा फक्त. शिवाय उलट्या फिरण्यात, साप्ताहिक सुट्टी सरकली की बी शिफ्ट रात्री ११ ला सुटते आणि ए सकाळी ७ ला लागते. मधे आठ तास, त्यात येणं-जाणं, जेवण. झोप उरते पाचच्या आत.

पण रोटेशनपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती डबलची. रिलीव्हर, म्हणजे सुटका करणारा पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही की बी शिफ्टचा माणूस सी पण मारतो. सकाळी सातला उठलेला गडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत, २४ तास. डॉसन-रीडच्या मोजमापात तो ०.१० च्या आसपास असतो. मी कामगारांना यावरून रागावत नाही. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, कोणाचा घराचा हप्ता, कोणाच्या पोरीची क्लासची फी. पण तक्ता तुमच्या हातात आहे. बी ला जोडून सी कधीच नको, हा नियम करा. राहायचंच झालं तर चार तास हा राहील आणि पुढच्या शिफ्टचा माणूस चार तास आधी येईल, असं वाटून घ्या. सी शिफ्टच्या आठवड्यात बदली माणसांची यादी फोननंबरसह गेटवर लावा. आणि डबल केलेल्या माणसाला कंपनीच्या गाडीने घरी सोडा. मॅनेजमेंटकडे तीनच गोष्टी मागा: वीस मिनिटांची डुलकी, पुढे फिरणारी शिफ्ट, बी-सी डबल बंद. दहा मागितल्या तर एकही मिळणार नाही.

आता तुमचं घर. साडेचार तासांची झोप एकदम सात तास करायच्या मागे लागू नका, दिवसा घड्याळ तुम्हाला उठवणारच. झोपेचे दोन भाग करा. सकाळी साडेआठ ते एक, आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ. एकूण सहा तास, दोन दिवसांचे बारा. आणि खरा फायदा पुढे आहे: नऊला उठलात तर सकाळी सातपर्यंत जागेपण फक्त दहा तास. साडेसतराचे दहा झाले. माझ्या अनुभवात सी शिफ्टवाल्याला या संध्याकाळच्या दीड तासाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. त्यासाठी घरातल्यांना सोबत घ्यावं लागेल. वहिनींना आणि मुलांना बसवून सांगा की साडेसात ते नऊ टीव्ही बंद म्हणजे बंद, आणि सकाळी बाबा झोपलेत म्हणजे रिकामे नाहीत. आपल्याकडे दिवसा घरी दिसलेल्या माणसाला गॅस सिलिंडर, बँक, शाळेची मीटिंग, सगळं चिकटतं. रात्री दोनला कोणी वहिनींना बँकेचं काम सांगत नाही ना, तसंच हे.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि मे महिन्यात बाहेर ४५ असताना वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेलाच असतो. खालची, उत्तरेची खोली मागून घ्या. आपल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण त्याला हवा बाहेर जायला वाट लागते आणि त्याच वाटेने उजेड आत येतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवून त्यावर जाड गडद पडदा सोडा, खाली मोकळा. कूलरचा एकसुरी आवाज भंगारवाल्याची हाक झाकतो, हा फायदाच. पावसाळा लागला की दमटपणात कूलर उलटा त्रास देतो, तेव्हा पंखा बरा. दारावरची बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. बसमध्ये गॉगल लावा, सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू दिवस सुरू करतो.

सात वाजता सुटल्यावर टपरीवर तर्री पोहे आणि दोन चहा, ही सगळ्यांची सवय आहे. चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग पाचेक तासांनंतरही रक्तात असतो. चहा शिफ्टच्या सुरुवातीला आणि फार तर रात्री दोनपर्यंत घ्या. डुलकीच्या लगेच आधी घेतलेला चहा छान काम करतो, कारण त्याचा असर चढायला वीस मिनिटं लागतात. सकाळी हलकं खा, तर्री सुट्टीच्या दिवशी. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. जागं राहायला म्हणून रात्रभर गालात खर्रा धरणारी किती पोरं मी पाहिली, आणि त्यातल्या कितींची तोंडं आता दोन बोटंही उघडत नाहीत. निकोटीन जागं ठेवतं आणि सकाळी झोपही तोडतं. तुमच्या लाइनवर हे थांबवता आलं तर जरूर थांबवा.

गोळी नको. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या लोक एकमेकांच्या चिठ्ठीवर आणतात, काही आठवड्यांत त्याशिवाय चालत नाही, आणि त्यांची गुंगी पुढच्या शिफ्टपर्यंत रेंगाळते. सकाळी "क्वार्टर" घेऊन झोपणारेही आहेत. दारूने डोळा लागतो लवकर, पण झोप तुकड्यातुकड्यात होते.

सहा तास झोपूनही एखादा कामगार ओढल्यासारखा दिसत असेल तर त्याचं रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी १२, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल विसरू नका.

शेवटी तुमची ती एका ओळीत उरकलेली गोष्ट. घोरणं आणि मधे श्वास थांबणं हे वहिनींनी पाहिलंय, म्हणजे मला निम्मं निदान झाल्यासारखं आहे. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा बंद होतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू गुदमरून क्षणभर जागा होतो, आणि हे तासाला कितीतरी वेळा. असा माणूस आठ तास झोपला तरी थकलेलाच उठतो. गोळ्या आणि दारू या आजारात घसा आणखी सैल करतात, म्हणूनही मी वर इतकं ठामपणे नाही म्हटलं. सकाळी डोकं दुखतं का, बीपी वाढलाय का, कॉलरचं माप वाढलंय का, हे लिहून ठेवा. वहिनींना सांगा, तुम्ही झोपलेले असताना फोनवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती दिसेल असा. तो घेऊन श्वसनविकार विभागात जा, मेडिकलला (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा मिहानच्या एम्सला, आणि स्लीप स्टडीबद्दल विचारा. निदान पक्कं झालं तर सीपॅप नावाचं मशीन लागेल, रात्री नाकावर मास्क लावायचा. पहिला आठवडा नकोसं वाटतं. पण ते लावणारी माझी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येऊन सांगतात की किती वर्षांनी सकाळ पाहिली. तुमची पुढची सी शिफ्ट दोन आठवड्यांवर आहे, त्याच्या आत ही तपासणी उरकून घ्या आणि रिपोर्ट मला दाखवा.